रेंज असलेलं गाव

काशीराम रांबाडे चौथीत होता, तेव्हा त्याने माझी नोकरी घालवायचीच काय ती बाकी ठेवली होती. मी बावीस वर्षांचा, नवा मास्तर. एकदा पावसच्या बाजाराला गेलो आणि परतीची एसटी चुकली म्हणून दिवसभर शाळेत आलोच नव्हतो. हजेरीपटावर ते नीट झाकलंही होतं. नेमके दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले आणि त्यांनी पुढच्या रांगेतल्या पोराला सहज विचारलं, काल काय शिकलात? पोर उभं राहिलं, हात बांधले आणि म्हणालं, काल गुरुजी आलेच नव्हते. मला मेमो मिळाला. दोन दिवस मी त्या पोराशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी भाजलेले काजू घेऊन आलं आणि विचारू लागलं, "गुर्जी, मी खोटं बोल्लो काय?" मी काजू खाल्ले.

हाच काशीराम पुढे सबंध आयुष्यात एकदा खोटं बोलला, आणि तेही माझ्या सांगण्यावरून. त्याची हकीकत सांगताना मी स्वतःला बाजूला ठेवू शकत नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकतो.

आमचं खैरकोंड पावसपासून आत बारा-तेरा किलोमीटर. चौसष्ट घरं, त्यातली निम्मी वर्षातून दोनदा, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. दोन्ही बाजूंना सडे, म्हणजे कातळाची उघडी पठारं, आणि मध्ये खोलात वाडी. पाण्याला ही जागा चांगली, भाताला चांगली, पण मोबाईलला नाही. वर सड्यावर पाण्याची टाकी आहे, तिच्या आसपास पलीकडच्या डोंगरावरच्या टॉवरची रेंज मिळते. पाखाडीच्या पायऱ्या उतरून वाडीत आलात की फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

काशीराम ग्रामपंचायतीचा शिपाई. आमच्याकडे शिपाई म्हणजे पाणी सोडणारा, नोटीस चिकटवणारा आणि ग्रामसेवक आले की त्यांच्यासाठी खुर्ची पुसणारा. रोज सकाळी टाकीवर जाऊन व्हॉल्व्ह फिरवायचा हे त्याचं मुख्य काम. तीस वर्षांत गावाला कधी पाणी कमी आलं आणि कोणी विचारलं, तर "मी झोपून ऱ्हायलो" असं तो सांगायचा. दुसरा कोणी असता तर मोटार बिघडली म्हणाला असता. लोक त्याला हसत, पण घराची चावी ठेवायची वेळ आली की त्याच्याकडेच ठेवत.

त्याचा एकुलता एक मुलगा संदेश ठाण्याला कामाला होता. विम्याचे दावे संगणकावर तपासायचे, असं काहीतरी काम. करोनात सगळे आले तसा तोही आला. बाकीचे परत गेले, हा मात्र राहिला. टाकीपाशी मोठी छत्री रोवून, मांडीवर लॅपटॉप घेऊन तो दिवसभर कातळावर बसायचा. वैशाखात कातळ तापतो म्हणजे काय, ते ज्याने सोसलंय त्यालाच कळेल. पावसाळ्यात त्याने प्लास्टिक बांधून खोपटी केली. विजा कडकडायला लागल्या की त्याची आई खालून हाका मारत सुटायची, आणि त्याला त्या ऐकू जायच्या नाहीत. ठाण्याचा साहेब भला माणूस असावा. काम होतंय ना, मग तिथूनच कर म्हणाला. फक्त फोन मध्येच तुटता कामा नये. आणि तो तर दिवसातून दहादा तुटायचा.

संदेशला खरंच गावात राहायचं होतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण गावात राहणारा मुलगा म्हणजे बाहेर काही जमलं नाही म्हणून राहिलेला, असंच सगळे समजतात. त्याने मागच्या परसात हापूसची कलमं लावली, गोठ्याच्या जागी टेबल-खुर्चीची खोली केली, वायर फिरवून ठेवली. "बाबा, टॉवर आला की मी इथंच," असं तो म्हणायचा. काशीराम ते वाक्य गावभर सांगत फिरायचा. त्याचे वडील मुंबईत गिरणीत होते, भाऊ मुंबईत वारला. त्याने स्वतः बापाला वर्षातून पंधरा दिवस पाहिलेलं. आपला मुलगा आपल्या डोळ्यांसमोर राहणार, एवढंच त्याला हवं होतं. तो काही मोठ्या मागणीचा माणूस नव्हे.

आता माझा पराक्रम.

एका वर्षात गावातल्या तीन मुलांची स्थळं मोडली, आणि तिन्ही एकाच कारणाने. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, घर बघायचे आणि मग खिशातून फोन काढायचे. फोनकडे बघून एकमेकांकडे बघायचे. आमची मुलगी इथे आली तर आम्ही तिला फोन कुठे करायचा, असं एका बाईने तोंडावर विचारलं. तिचं काय चुकलं? पण आमची मुलं तिशी ओलांडत होती. गावकी बसली. आमच्याकडे गावकी सहाणेवर बसते. सहाण म्हणजे शिमग्यात देवाची पालखी टेकवतात तो चौथरा. बरंच बोलणं झालं, आणि मी, गावातला शिकलेला माणूस, उठून म्हणालो की रेंज नाही हे आपणच दवंडी पिटून सांगतो. यापुढे कोणीही बाहेरचा माणूस आला आणि विचारलं, तर रेंज आहे म्हणायचं. आज दिसत नसेल, तर आजच गेलीय म्हणायचं, काम चालू आहे म्हणायचं. लग्न झाल्यावर कोण मुलगी परत नेतो?

लोकांना ते फार आवडलं. केरू गावकर आमचा मानकरी. त्याने तिथल्या तिथे देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं की बा देवा, तुझी लेकरं एका तोंडाने बोलतील, त्यांच्या तोंडाला यश दे. देवाचा नारळ ठेवून ठरलं म्हणजे ते मोडायचं नाही. लबाडीसाठी देवापुढे नारळ ठेवणारं आमचंच गाव असेल. एकट्या काशीरामने माझ्याकडे बघून विचारलं, "गुर्जी, ह्ये खोटं नाय ना?" मी म्हणालो, वर टाकीपाशी आहे की नाही रेंज? टाकी गावातच आहे की नाही? मग गावात रेंज आहे. त्याला ते पटलं. चौथीतल्या मुलाला भागाकार पटावा तसं पटलं, कारण गुरुजी सांगत होते.

पुढच्या मार्गशीर्षात टाकीपाशी मोटारसायकल लावून एक माणूस उभा होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात दोन-दोन फोन. काशीराम व्हॉल्व्ह फिरवायला गेला, तर त्याचा पहिला प्रश्न, इथे रेंज येते का हो? काशीरामला वाटलं, संदेशसाठी मुलीकडचा कोणी चौकशीला आलाय. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. स्थळ बघायला यायच्या आधी कोणीतरी त्रयस्थ गुपचूप येऊन घर कसं, माणसं कशी, ते विचारून जातो. काशीराम म्हणाला, हाय की. भरपूर हाय. माणसाने फोनवर आकडे बघितले, फोटो काढले. मग खाली वाडीकडे बघून त्याने विचारलं, आणि खाली? काशीराम म्हणाला, "खाली तर ह्याच्याहून बरी."

मग त्या माणसाने कागद काढला तेव्हा काशीरामला कळलं, की हा मुलीकडचा नसून नेटवर्कच्या पाहणीला आलेला ठेकेदाराचा माणूस आहे, स्वरूप नावाचा. बोललेलं तर तोंडातून गेलं होतं. शिवाय नारळाची आण बाहेरच्या कुठल्याही माणसासाठी होती. आणि काशीरामच्या मनात आणखी एक विचार आला, जो माझ्याही मनात आला असता. सरकारी कागदावरच जर लिहिलं गेलं की खैरकोंडात रेंज आहे, तर कुठल्या मुलीचा बाप नाही म्हणेल? त्याने ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून सही केली, स्वरूपला कोकमाचं सरबत पाजलं, आणि धावत माझ्याकडे येऊन सगळं सांगितलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. शाब्बास, म्हणालो.

पाहणी कशासाठी होती ते आम्हाला पाच-सहा महिन्यांनी कळलं. शेजारच्या तीन गावांत टॉवरचे खड्डे खणायला यंत्रं आली, आणि आमच्याकडे कोणी आलं नाही. संदेशने शोधून काढलं. ज्या गावांत अजिबात रेंज नाही, तिथे सरकार अनुदान देऊन टॉवर उभारतंय, आणि त्या गावांच्या यादीत आम्ही नाही. आमच्या नावापुढे लिहिलंय, व्याप्त, म्हणजे रेंज आधीच पोचलेली.

मी काशीरामला घेऊन रत्नागिरीला गेलो. एका कचेरीतल्या अधिकाऱ्याने आम्हाला बसवून घेऊन नीट समजावलं. तरुण होता, पण शांत. म्हणाला, गुरुजी, योजना चांगली आहे. फोन कंपन्या आपल्या कमाईतला हिस्सा सरकारच्या निधीत भरतात. जिथे गिऱ्हाईक कमी, धंदा परवडत नाही, तिथे त्या निधीतून मदत द्यायची. पण टॉवर सरकार स्वतः बांधत नाही. गावांचे गट करायचे, बोली मागवायची, जी कंपनी सगळ्यांत कमी अनुदानात तयार होईल तिला तो गट. त्यामुळे पैसा वाया जात नाही, कामही लवकर होतं. आणि जिथे रेंज आधीच आहे तिथे अनुदान द्यायचं नाही, नाहीतर धंदा करणाऱ्या कंपन्या ओरडतील, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात एकही चूक सापडली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत चुका काढल्या, आणि इथे चूक होती ती आमच्या उत्तरात.

मग बिनअनुदानाचा टॉवर येणार नाही का, असं मी विचारलं. तो म्हणाला, चौसष्ट घरांसाठी कोण येईल? त्यातली निम्मी बंद. त्याने कागद काढून दाखवला. टाकीपाशीचा फोटो, आकडे आणि खाली काशीराम धाकू रांबाडे, स्वच्छ, गोल अक्षरात. ते अक्षर मीच घोटून घेतलेलं. काशीराम कागदाकडे बघत बसला. परतीच्या एसटीत तो एवढंच बोलला, "संदेशला काय सांगू?"

संदेश रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, अर्ज करू.

आम्ही अर्ज केले. मी लिहायचे, काशीरामने सही करायची, संदेशने टाकीपाशी जाऊन पाठवायचे. तालुक्याला, जिल्ह्याला, ठेकेदाराला. प्रत्येक ठिकाणाहून सौजन्याने उत्तर यायचं. आपला अर्ज संबंधितांकडे पाठवण्यात आला आहे. संबंधित कोण, ते कधी कळलं नाही. शेवटी एका ठिकाणाहून स्पष्ट आलं. ग्रामसभेचा ठराव जोडा की गावात रेंज नाही, मग फेरतपासणीचा विचार करू.

मी ठराव लिहून गावकीपुढे ठेवला. केरू गावकर म्हणाला, देवाचा नारळ ठेवून ठरलंय की रेंज आहे. आता कागदावर नाही कसं लिहायचं? आणि हल्ली ग्रामसभेचे ठराव इंटरनेटवर दिसतात. उद्या मुलीकडच्यांनी वाचला तर? त्याचा स्वतःचा पुतण्या तेहतीस वर्षांचा, बिनलग्नाचा. मी म्हणालो, अरे, टॉवर आला तर खोटं बोलायची गरजच उरणार नाही. तो म्हणाला, आणि नाही आला तर? मीच शिकवलेला धडा होता तो, आणि पोरांनी चांगला पाठ केला होता. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे कोणाला शिकायचं असेल तर खैरकोंडात यावं.

काशीरामने मग एकट्याच्या नावाने अर्ज केला. मी आधी जे सांगितलं ते खोटं होतं, असं त्यात त्याने स्वतः लिहिलं. मी "अनवधानाने" असा शब्द घालत होतो, तो त्याने काढायला लावला. अनवधानाने नाय, म्हणाला, मी जानून बोल्लो.

वर्ष गेलं. ठाण्याचा भला साहेब बदलून गेला, नवा आला. त्याने संदेशला ठाण्याला परत यायला शिमग्यापर्यंत मुदत दिली, मग आणखी तीन महिने. याच दिवसांत गुहागरकडचं एक स्थळ आलं. मुलीचं नाव मनस्वी, शिकलेली, घरून हिशेब लिहायचं काम करणारी, आणि तिलाही गावात राहायची हौस. संदेशच्या आईने तर नवस बोलून टाकला. संदेशने सांगितलं, मी त्यांना रेंजचं खरं सांगणार. आईने डोळ्यांत पाणी आणलं. आधी माणसं तर बघू दे एकमेकांना, मग सांग. तो तेवढ्यापुरता कबूल झाला.

माघातला रविवार. ओटीवर मुलीचे वडील, मामा, मनस्वी स्वतः, आमच्या बाजूने केरू गावकर आणि मी. पोहे झाले, सरबत झालं. मुलीच्या वडिलांनी फोन काढला, आणि कोणी विचारायच्या आत केरू म्हणाला, आजच गेलीय, तिकडं वायरचं काम चाललंय. वडिलांनी मान हलवून फोन खिशात ठेवला. संदेश आणि मनस्वी परसात कलमं बघायला गेले होते. तिचं हसू ओटीवर ऐकू येत होतं. संदेशच्या आईने दारातून माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला वाटलं, चला, सुटलो.

तेवढ्यात पाखाडीवरून स्वरूप उतरला. तोच शर्ट नसेल, पण तशीच इस्त्री. काशीराम चटकन उठून अंगणात गेला. त्याने हळू आवाजात त्याला विनवलं, पाहुणे आहेत, उद्या या, हवं तर मी येतो रत्नागिरीला. स्वरूपने खेद व्यक्त केला. फेरतपासणीचा आज शेवटचा दिवस, आकडे संध्याकाळी पाठवायचे, तुमच्या अर्जासाठी मी रविवार मोडून आलोय. मशीनने वाडी आत्ता उतरता उतरता मोजलीच आहे. पण आधीचा कागद तुमच्या सहीचा आहे, तो तुम्ही साक्षीदारांसमोर मागे घेतला तरच नवा धरला जाईल. आज नाही, तर अर्ज बंद.

हे सगळं ओटीवर ऐकू आलं. आमच्या ओट्या बुटक्या आणि अंगणं लहान असतात. मुलीच्या वडिलांनी विचारलं, कसली तपासणी? केरू म्हणाला, काय नाय, रेंज वाढवायची हाय, आता हाय तीच भरपूर हाय. स्वरूपने केरूकडे बघितलं, मग काशीरामकडे. एवढ्यात संदेश आणि मनस्वी परसातून आले आणि ओटीच्या पायरीपाशी उभे राहिले.

"काका," स्वरूप म्हणाला, "मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. त्यावरून मलाही बोलणी बसली. आता एकदाच सांगा. गावात रेंज आहे की नाही?"

काशीरामने माझ्याकडे बघितलं. बायकोकडे नाही, मुलाकडे नाही, माझ्याकडे. मी तोंड उघडायला हवं होतं. हे माझं पाप आहे, याचं नाही, एवढं म्हणायला हवं होतं. मी चष्मा काढून पुसत बसलो. बहात्तर वर्षांच्या माणसाला याहून मोठी लाज नसेल.

"नाय," काशीराम म्हणाला. "वाडीत एक दांडी येत नाय. कधीच येत नव्हती. मागं मी खोटं बोल्लो." मग त्याने पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "तुमाला पन खोटंच सांगितलं. कसलं वायरचं काम नाय."

त्याने सही केली. साक्षीदार म्हणून मी केली, तेवढं तरी केलं. संदेशच्या आईने पदर तोंडाला लावला आणि ती आत गेली. मुलीचे वडील सभ्य माणूस. बरं झालं खरं कळलं, म्हणाले, सरबत छान होतं म्हणाले, आणि उठले. मनस्वी जाताना एकदा थांबल्यासारखी वाटली. मामाने तिला पुढे घातलं. तिसऱ्या दिवशी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. त्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती.

केरू गावकराने काशीरामशी बोलणं टाकलं. शिमग्यात पालखी घरोघर नाचत गेली. काशीरामच्या अंगणातही आली, कारण देवाला कोणी अडवू शकत नाही, पण पालखीबरोबर आलेल्यांनी त्याच्या घरचं पाणीही घेतलं नाही. ज्या घरांना पाणी हाच माणूस सोडतो, त्या घरच्यांनी. मला मात्र सगळे पूर्वीसारखाच नमस्कार करत होते. युक्ती माझी होती आणि शिक्षा त्याला. मी सहाणेवर जाऊन तसं बोललोही, पण तुम्ही गुरुजी, तुमचं वेगळं, असं म्हणून त्यांनी मला उडवून लावलं.

तरीही काशीराम त्या दिवसांत खुशीत होता, कारण काम झालं होतं. दोन महिन्यांनी दुरुस्त यादी आली, आणि तिच्यात आम्ही होतो. खैरकोंड, अव्याप्त. संदेशने टाकीपाशी त्याचा फोटो काढून आणला आणि काशीरामने तो मला चार वेळा दाखवला. सरकारने एकदाचं मान्य केलं होतं की आमच्याकडे काही नाही. त्याला वाटलं, आता टॉवर येणारच. मलाही वाटलं. संदेशने नव्या साहेबाकडे आणखी सहा महिने मागितले. साहेबाने चार दिले.

चौथ्या महिन्याच्या शेवटी मी पुन्हा रत्नागिरीला गेलो, एकटाच. काशीरामला न्यायचा मला धीर झाला नाही. तो शांत अधिकारी अजून तिथेच होता. त्याने संगणकावर बघितलं. मग म्हणाला, गुरुजी, पहिल्या यादीत तुमच्या बाजूची एकवीस गावं एका गटात होती. काही सोपी, काही अवघड. सोप्यांच्या जोरावर अवघडही निघून गेली, आज तिथे टॉवर चालू आहेत. आता उरलेल्यांचा गट केला, त्यात अशीच खोलातली अकरा गावं, विखुरलेली. बोली मागवली, दोनदा मुदत वाढवली. कोणीच बोली लावली नाही. परवडत नाही, म्हणतात.

मी विचारलं, सक्ती नाही करता येत? तो म्हणाला, सक्ती केली तर कंपन्या योजनेतच येणार नाहीत. अनुदानाची मर्यादा वाढली तर पुढच्या टप्प्यात बघू. पुढचा टप्पा कधी? त्याने दोन्ही हात उघडून दाखवले. त्याचाही काही दोष नव्हता. एवढ्या मोठ्या कारभारात ज्याच्यावर रागवावं असा एक माणूस मला सापडला नाही. मी आणि काशीराम सोडून.

मी गावी आलो तो तडक त्याच्या ओटीवर गेलो. तिघेही होते. मी सांगितलं. पहिल्या यादीत असतो तर टॉवर आला असता, हे गाळावं असं मनात होतं, पण त्या माणसासमोर आणखी एकदा लपवणं मला जमलं नाही. ते ऐकून काशीरामने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत.

संदेशला ठाण्याहून पत्र येऊन आठवडा झाला होता. एक तारखेला हजर व्हा, नाहीतर नोकरी संपली. त्याने ते घरात सांगितलं नव्हतं, आमच्या बातमीची वाट बघत होता. आता त्याने सांगितलं, आणि लगेच म्हणाला, मी जात नाही. नोकरी सोडतो. पावसला कोणाच्या बागेत देखरेखीला राहीन, कलमं आपली येतीलच पाच वर्षांत. त्याची आई म्हणाली, होय बाबा, राहा. मीही होय म्हणणार होतो. मला ते फार शहाणपणाचं वाटलं, आणि एवढ्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

काशीराम उठला. मुलाच्या समोर जाऊन उभा राहिला. साठीचा तो माणूस त्याच्या खांद्याला लागत होता. दुसऱ्याच्या बागा राखत चाळिशीला पोचलेली, ओटीवर एकटी बसलेली मुलं त्याने गावात बघितली होती. त्यांची नावं त्याला तोंडपाठ होती.

"तू जा," तो म्हणाला.

संदेश काही बोलणार होता, पण काशीरामने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"तू हितं ऱ्हावास म्हनून मी एकदा खोटं बोल्लो. तू हितं ऱ्हावास म्हनूनच एकदा खरं बोल्लो. आता तिसरं माज्याकडं काय नाय, बाबा. तू जा."

मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता तरी मला बोल लावेल. चारचौघांत लाव, माझ्या म्हातारपणाची लाज काढ, निदान मला तेवढं तरी मिळू दे. त्याने विचारलं, सकाळची ठाण्याची गाडी पावसवरून किती वाजता सुटते. मी वेळ सांगितली.